सातवी 'ब'चा ब्लॉग आणि कुजलेला घेवडा

मी एका वर्गाचा ब्लॉग बोलतोय. हसू नका, मलाही आयुष्य आहे. हात-पाय नाहीत, पण पोट मोठं आहे. एकतीस मुलांचं लिहिलेलं सगळं त्यात मावतं आणि वर जागा उरते.

माझा जन्म विज्ञानाच्या बाईंच्या स्वयंपाकघरात झाला. त्यांच्या भाच्याने चहा निवेपर्यंत मला उभं केलं आणि "घे मावशी, झालं तुझं काम," म्हणून तो निघूनही गेला. रंग मात्र वर्गाने ठरवला. मतदान झालं आणि मी पोपटी झालो. डोळ्यांना त्रास होतो अशी तक्रार आजही येते, पण बहुमतापुढे कोणाचं चालतं?

नियम सोपा होता. दर शुक्रवारी शेवटच्या तासाला संगणकाच्या खोलीत बसायचं आणि आठवड्यात काय केलं, काय कळलं आणि काय कळलं नाही ते लिहायचं. बाईंनी वाचून मंजुरी दिली की मगच ते सगळ्यांना दिसायचं. तोवर ते माझ्याकडे पडून. खरं सांगतो, मला 'काय कळलं नाही' हाच भाग सगळ्यात आवडतो. तिथे मुलं वहीत लिहितात तसं लिहीत नाहीत.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी वर्गाने खिडकीत चार कुंड्यांमध्ये घेवडा लावला. पाणी घालायचं काम आणि पाहुण्यांना माहिती सांगायचा मान, दोन्ही एकाच मुलीकडे. तिला सगळे टपाल म्हणत, कारण या बाकावरची बातमी त्या बाकावर पोचवल्याशिवाय तिला चैन पडत नसे. पाहुण्यांसमोर बोलायला मिळणार म्हणून ती हरखून गेली होती. आत्याला समोर बसवून भाषण म्हणून दाखवायची. आत्यालाच ते पाठ झालं.

रोपं वीतभर झाली आणि एका गुरुवारी माना टाकून पडली. कुंड्यांत नुसता चिखल. बाईंनी बोट घालून पाहिलं आणि त्यांचा पारा चढला.

"बुडवलीस ना रोपं? एक काम दिलं होतं तुला."

"बाई, पण मी..." टपाल म्हणाली आणि गप्प बसली. टपाल गप्प! वर्गालाही ते चमत्कारिक वाटलं.

"मंगळवारी प्रदर्शनात टेबलापाशी दुसरं कोणीतरी उभं राहील," बाई म्हणाल्या.

शुक्रवारी सगळे लिहायला बसले. टपालने लिहिलं, "मी आठवडाभर एक थेंबही पाणी घातलं नाही. मधल्या सुट्टीत भाषण पाठ करत होते, विसरले. मग चिखल कुठून आला? मला कळलं नाही."

मला मात्र कळत होतं. वर्गातला 'प्राध्यापक' लिहीत होता, "माती कोरडी दिसली. टपालला बोलणी बसू नयेत म्हणून मी गुपचूप पेलाभर पाणी घातलं." वर्गातल्या जुळ्या भावांपैकी थोरल्याने लिहिलं की आपण घातलं, धाकट्याला सांगितलं नाही. धाकट्यानेही तेच लिहिलं. असे एकूण अकरा निघाले. आपल्यामुळेच रोपं गेली असं प्रत्येकाला वाटत होतं आणि ते तोंडाने सांगायची एकाचीही छाती नव्हती.

आणि ही सगळी पानं मंजुरीसाठी अडकलेली. बाईंच्या टेबलावर चाचणीच्या उत्तरपत्रिकांचा ढीग. शनिवार गेला. मंगळवार जवळ येत होता आणि मी तोंड असून मुका. इतका वैतागलो मी!

रविवारी दुपारी बाईंनी मोबाइलवर मला उघडलं. पहिलं पान वाचून भुवया वर गेल्या, चौथ्याला हसू फुटलं. पुढची त्यांनी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवली. सासूबाई सुईत दोरा ओवत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आणि तू गं? तू नाही घातलंस?"

बाईंचं हसू थांबलं. मग त्यांनी नवीन पान उघडलं. वर्षभर मुलांना लिहायला लावलं, पण स्वतः त्या माझ्यावर कधी लिहीत नसत. तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. चौथ्यांदा जे राहिलं ते असं: "बुधवारी मीही माझ्या बाटलीतलं उरलेलं पाणी कुंड्यांत ओतलं. आणि गुरुवारी टपालला सगळ्यांसमोर बोलले. चुकले. मंगळवारी टेबलापाशी तीच उभी राहील." मग एकदम बत्तीस पानांना मंजुरी. पोट असं हलकं झालं म्हणून सांगू!

मंगळवारी टेबलावर कुजलेला घेवडाच मांडला. पाठ केलेलं भाषण कामाचं उरलं नव्हतं, म्हणून टपालने मला पडद्यावर लावलं आणि एकेक पान वाचून दाखवलं. गर्दी हटेना. "यातून काय शिकलात?" मुख्याध्यापकांनी विचारलं. "मदत करायच्या आधी विचारायचं, सर," टपाल म्हणाली. सर मान डोलावत गेले आणि पुन्हा दोनदा ऐकायला आले.

आता ती मुलं आठवीत गेली. माझ्यावर नवी सातवी लिहिते आणि बाईही दर शुक्रवारी चार ओळी लिहितात. माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या वर्गात माझा एखादा भाऊबंद असेल, तर त्याला नुसतं 'मजा आली' खाऊ घालू नका. त्याने पोट भरत नाही. फसलेलं लिहा, न कळलेलं लिहा.

आणि सवड झाली तर बाईंचं ते रविवारचं पान जरूर बघा. त्याखाली पहिली प्रतिक्रिया टपालची आहे. "बाई, किती पाणी घातलंत ते लिहायचं राहिलं. मोजमापाशिवाय निरीक्षण अपुरं असतं, असं तुम्हीच सांगितलंय."

खाली बाईंचं उत्तर आहे. "अर्धी बाटली."