पाण्यातला सान अंतोनियो

पंच्याण्णव साली धनेशच्या जहाजाशी संपर्क तुटला आणि जयवंतीने देव पाण्यात घातले. एरवी तिची पूजा म्हणजे उदबत्ती लावून बस पकडायला पळणं. पण नवरा जहाजावर इंजिनिअर, जहाज वादळात, आणि कंपनीतला पद्माकर फोनवर एकच पाढा वाचतोय, "वहिनी, अजून काही कळलं नाही." मग माणसाने करायचं तरी काय? तिने घंगाळात गणपती, अन्नपूर्णा, बाळकृष्ण सगळ्यांना बुडवलं. धनेश सापडल्याशिवाय बाहेर काढणार नव्हती.

सिंगापूरमधल्या त्यांच्या क्लेमेंटीच्या फ्लॅटमध्ये एलेना एका खोलीत भाड्याने राहायची. युनिव्हर्सिटीत संशोधन करायची. न्यू मेक्सिकोची, पण तिला अमेरिकन म्हटलं की नाक मुरडायची. तिचे पूर्वज स्पेनच्या राजाच्या अमलात त्या ओसाड सरहद्दीवर वस्ती करून राहिले, अमेरिका तिथे मागाहून आली आणि घरात अजून जुनी स्पॅनिशच बोलतात, हे ती भाजी चिरतानाही ऐकवायची. घंगाळ पाहून ती हसली नाही.

"आमच्याकडेही संतांना शिक्षा करतात," ती म्हणाली. "नवस ऐकला नाही तर भिंतीकडे तोंड करून ठेवायचं, नाहीतर पेटीत कोंडायचं."

तिच्या खोलीत आजोबांनी कोरून रंगवलेला लाकडी सान अंतोनियो होता. हरवलेलं शोधून देणारा संत.

दुसऱ्या दिवशीही फोन आला नाही. एलेना कामावर गेल्यावर जयवंतीने त्यालाही उचललं आणि गणपतीशेजारी बुडवलं. लाकूडच ते, तरंगायला लागलं. तिने त्याच्यावर भरलेला तांब्या ठेवला.

संध्याकाळी पद्माकरचा फोन आला. धनेश सुखरूप होता, दुसऱ्या जहाजाने सगळ्यांना वाचवलं होतं. जयवंती रडतच घंगाळाकडे धावली. पाणी गढूळ तांबडं झालं होतं. संताचा सगळा रंग सुटला होता. डोळे नाहीत, ओठ नाहीत, नुसतं कोरं लाकूड. आनंदाच्या जागी तिला लाज वाटली.

एलेना आल्यावर तिने काही लपवलं नाही. एलेनाने ओली मूर्ती हातात घेतली.

"धनेश?"

"सुखरूप आहे."

एलेना खुर्चीत बसली. "माझा भाऊ व्हिएतनामच्या लढाईत बेपत्ता झाला, तेव्हा आईने याला पेटीत कोंडलं. तो परत आला की काढणार होती. शेवटी आई गेल्यावर मीच काढला."

जयवंतीने तिच्या हातावर हात ठेवला. एलेनाने आपला हात काढून घेतला.

"तुझं मात्र ऐकलं त्याने," ती म्हणाली. "आता तुझ्याकडेच ठेव त्याला."