बुजलेल्या विहिरीवरची पिन

जुना नकाशा आजच्या ऑनलाइन नकाशावर अंथरायचा, दोन्हींत जागच्या जागी असलेल्या गोष्टी शोधायच्या आणि तिथं तिथं पिना टोचायच्या, हे इफराचं काम. मशीद तीच, वेस तीच, नदीचं वळण तेच. पिना बसल्या की उरलेला नकाशा आपोआप ताणला जाऊन जुळतो. मग पडद्यावरची पट्टी सरकवली की आजचं जुन्नर विरत जातं आणि खालून जुनं वर येतं. नियम एकच, आणि तो इफरानं पुण्याच्या ऑफिसात कितीतरी नवख्यांना बजावून सांगितला होता. जे आज उभं नाही, त्यावर पिन टोचायची नाही.

तोच नियम तिनं मोडला. बापापायी मोडला.

तिचे अब्बा शफीभाई पिढीजात कागदी, हातानं कागद बनवणारे. जुन्नरच्या हातकागदाचे शेवटचे हौद त्यांनी लहानपणी पाहिलेले. बायको इशरत वारली आणि त्यांच्या डोक्यातलं एकेक पुसत चाललं. एकदा तर ओतूरच्या एसटी स्टँडवर सापडले. राजुरीच्या एका भल्या माणसानं आणून सोडलं. इफराला ते कधी आपल्या बहिणीच्या नावानं हाक मारत, कधी नुसतंच 'बाई' म्हणत. ती पुण्याची खोली सोडून जुन्नरला घरी आली, काम घरूनच करू लागली, आणि अब्बा कुठं आहेत ते आपल्या फोनवर दिसेल अशी सोय त्यांच्या फोनात करून ठेवली. बापाच्या तोंडी आपलं नाव नाही, हे दुःख ती कुणाला सांगणार?

त्या दिवशी ती नकाशा जुळवत असताना अब्बा मागं येऊन उभे राहिले. बोट त्यांनी थेट कागदी मोहल्ल्यातल्या विहिरीवर ठेवलं. चिंध्या कुटून केलेला कागदाचा लगदा धुवायचं पाणी इथलंच, म्हणाले. विहीर कधीचीच बुजवलेली. तिच्यावर आता हौशीरामची पिठाची गिरणी. पण कित्येक महिन्यांनी अब्बांना काहीतरी ठाम आठवत होतं. त्यांचं मन मोडायचं तिच्या जिवावर आलं. तिनं पिन टोचली.

"इफरा," अब्बा म्हणाले, "आता बराबर बसलं बघ."

नावानं हाक! पोरगी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडली.

पुढचे काही दिवस घरात जणू ईद होती. अब्बा नीट जेवत, मोहल्ल्यातल्या गमती सांगत, असरची, दुपार कलल्यावरची नमाज पढून वेळेवर परतत. फक्त त्यांचे पाय ओले असत. नमाजाआधी हातपाय धुतल्याचं, वजूचं पाणी असेल, असं ती धरून चालली. सुख दारात आलं की माणूस त्याला फार प्रश्न विचारत नाही, आणि तिनंही विचारले नाहीत.

मग एका दुपारी अब्बांना उशीर झाला. तिनं फोन उघडला. अब्बांचा निळा ठिपका घरांच्या आतून चालला होता. भिंती, मोऱ्या, कुणाचा जिना, सगळ्यांतून सरळ. दाटीवाटीत ठिपका थोडाफार चुकतो, हे तिला माहीत होतं. तरी तिनं लॅपटॉपवर जुना नकाशा पुढं आणून ताडून पाहिलं. ठिपका आता नसलेल्या गल्लीच्या मधोमध होता. गल्ली वळली की तोही वळत होता.

ती तशीच धावत सुटली. गल्लीचं तोंड जिथं असायला हवं, तिथं एका इमारतीची मागची भिंत होती. ठिपका भिंतीपलीकडं होता. भिंतीवर चौकोनी ओले डाग उमटले होते, एकाला एक लागून. ओला कागद वाळवायला पूर्वी असाच भिंतीवर डकवायचे. आतून धप्प धप्प कुटल्याचा आवाज येत होता, आणि त्यात अब्बांचं हसू.

"अब्बा!" तिनं हाक मारली.

हसू थांबलं. एका बाईनं हळूच विचारलं, "तुमाला कोन बोलावतंय वो?"

तो आवाज तिच्या अम्मीचा होता.

इफरा वळसा घालून विहिरीवरच्या गिरणीत शिरली. लाइट गेलेली, पट्टा थांबलेला. हौशीराम फरशी पुसत वैतागला होता. शफीभाई इकडं फिरकलेच नाहीत म्हणाला, पण चारपाच दिवसांपासून दुपार कलली की फरशीला पाझर फुटतोय, लई वास येतो, ओल्या चिंध्यांचा. फोनवर अब्बांचा ठिपका गिरणीपर्यंत आला, तिच्या ठिपक्याला चिकटला. समोर नुसती ओली फरशी. मग तो ठिपका फिका होऊ लागला.

तिनं दुसरा विचारच केला नाही. फोनवरच नकाशा उघडला आणि विहिरीवरची पिन काढून टाकली.

हौशीराम ओरडून मागं सरला. पोत्यांना टेकून शफीभाई बसले होते, घोट्यापर्यंत भिजलेले. इफरानं त्यांना कवटाळलं. त्यांनी हळूच तिचे हात सोडवले.

"कशाला वढलं मला?" ते म्हणाले. "तितं मला समदं ध्यानात व्हतं." मग तिच्याकडं नीट बघितलं, परक्या माणसाकडं बघतात तसं. "बाई, तुमी कुनाच्या?"

त्यानंतर ते बोललेच नाहीत. ओट्यावर बसत, दिलेला घास तोंडात तसाच धरून ठेवत. डॉक्टर म्हणाले, वय झालं. इफरानं ऑफिसला कळवलं की विहीर नकाशात धरू नये. नियमानं तेच बरोबर होतं. आता तिला शहाणपण शिकवणारे पुष्कळ भेटतील. त्यांनी आपल्या बापाच्या डोळ्यांत असं एकदा परकं होऊन बघावं, मग बोलावं.

दिवसेंदिवस तिनं हे सोसलं. अब्बा जिवंत होते, तिच्याजवळ होते, आणि तिच्या ओट्यावर कैद्यासारखे बसून होते. एका दुपारी असरची अजान झाली आणि त्यांच्या डोळ्यांतून नुसतं पाणी वाहू लागलं. तिनं त्यांचं तोंड पुसलं, त्यांना धुतलेला सदरा घातला, त्यांचा फोन खिशात ठेवायला उचलला आणि परत खाली ठेवला. मग आत जाऊन लॅपटॉप उघडला. पिन तिनं बरोबर विहिरीवर टोचली, आणि पडद्याकडंच बघत बसली.

मागून चपला घातल्याचा आवाज आला.

"इफरा," अब्बा दारातून म्हणाले, "येतो गं पोरी."

"या, अब्बा," ती म्हणाली, आणि वळून बघितलं नाही.