स्ट्राउटसाहेबांनी गावाला दिलेला बंब

मी आगीचा बंब. मॅसॅच्युसेट्समधल्या एल्मबरी गावात शेडमध्ये उभा आहे. आज मला पुसायला कोणी आलं नाही, तेवढ्यात माझी हकीकत सांगून घेतो.

मला लेम्युएल स्ट्राउट यांनी घडवलं. म्हणजे घडवलं कारागिरांनी, पण नाव कारखानदाराचंच लागतं. आधी ते दारोदार पत्र्याची भांडी विकायचे. मग पंपांचा कारखाना निघाला, पोट सुटलं आणि त्यांना गावाची सेवा करावीशी वाटू लागली. निवडणुकीच्या तोंडावर त्यांनी मला गावाला फुकट देऊन टाकलं. माझ्या दोन्ही अंगांना त्यांचाच चेहरा रंगवलेला.

मार्चच्या गावसभेत मत द्यायचं ते हात वर करून. समोर साहेब बसलेले आणि निम्मे पुरुष त्यांच्याच कारखान्यात कामाला. हात वर न करून जातात कुठे? साहेब गावचे प्रमुख झाले.

मग माझे लाड सुरू झाले. पावसात काढायचं नाही, चिखलात न्यायचं नाही. चार जुलैच्या, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत मात्र फुलांनी मढवायचं.

अशाच एका मिरवणुकीच्या आदल्या दुपारी हल्डा पीसच्या घराला आग लागली. ती विहिरीवर गेलेली, तान्हं बाळ माडीवर.

"बंब काढा हो!" ती धावत आली.

साहेब शेडच्या दारातच आडवे आले. "अगं बाई, वार्निश ओलं आहे! उद्या मिरवणूक आहे."

"माझं लेकरू आत आहे!"

"काढतोय ना! आधी बंब ओढणाऱ्या गड्यांना लाल सदरे तर घालू दे. गावात पाहुणे आलेत."

तिनं पुढचं ऐकलंच नाही. शेजारणी बादल्या घेऊन जिन्यावर रांगेनं उभ्या राहिल्या. ओली गोधडी पांघरून हल्डा वर गेली आणि बाळाला छातीशी घेऊन खाली आली. बाळ खोकत खोकत रडलं, तेव्हा कुठे सगळ्यांच्या जिवात जीव आला.

मी पोहोचलो तर घराची राख झालेली. बँड वाजला, मी राखेवर पाणी उडवलं. साहेब म्हणाले, "या बंबानं गाव वाचवलं!"

"आणि आम्ही काय पाय धुवायला पाणी आणलं होतं?" शेजारीण मर्सी म्हणाली.

"गप गं," तिचा नवरा कुजबुजला, "साहेब बघतायत."

पुढच्या मार्चला पुन्हा हात वर झाले, हल्डाच्या नवऱ्याचासुद्धा. बायकांना मतच नव्हतं. त्या सभेच्या जेवणासाठी पाव कापत मागे उभ्या होत्या. हल्डाच्या कडेवर बाळ होतं.

आज साहेब थडग्यात आहेत आणि मी अजून चकचकीत आहे. आयांनो, पोरांना मला खुशाल दाखवा. पण निजताना पाळण्याजवळ एक भरलेली बादली ठेवा. माझ्या भरवशावर राहू नका.