एका हाताने उघडणारा चाकू

घरात चांगला चाकू असताना दुसरा कशाला, असं मी निघतानाच विचारलं होतं. तर नवरा म्हणाला, "जुन्याचं कुलूप गेलंय."

डोंगरात नेतात त्या घडीच्या चाकूत एक खटका असतो. पातं उघडलं की तो बसतो आणि पातं परत बोटांवर मिटत नाही. त्याला हे डोंगरवाले कुलूप म्हणतात. जुन्याचं कुलूप गेलेलं नव्हतं. आदल्याच दिवशी मी त्या चाकूने पुठ्ठ्याचं खोकं फाडलं होतं आणि तो खाटकन बसला होता. पण आमच्या लग्नाला आता इतकी वर्षं झाली आहेत की कोणत्या खोट्याला खोटं म्हणायचं आणि कोणत्या खोट्याला 'बरं' म्हणायचं, एवढं कळतं. मी 'बरं' म्हणाले आणि चपला घातल्या.

गेलं होतं ते कुलूप नव्हे, अंगठा. उजव्या हाताचा अंगठा हिवाळ्यापासून बधिर झाला होता. आधी वाटलं थंडीने असेल, मग वाटलं अवघडला असेल. तपासण्या झाल्या तेव्हा नसांचा आजार निघाला. डॉक्टरीणबाई वयाने आमच्या मुलीएवढ्या, पण बोलायला एकदम रोखठोक. म्हणाल्या, "हा आजार मागे फिरत नाही, काका. आपण त्याला फक्त हळू चालायला लावायचं. गोळी चुकवू नका." आणि डोंगराचं विचारल्यावर म्हणाल्या, "सपाट वाटेने खुशाल फिरा. दोरावर नको, कड्यावर नको. आणि सगळ्यांच्या मागे एकटं तर अजिबात चालायचं नाही."

आता ह्यांचं डोंगरातलं कामच सगळ्यांच्या मागे चालायचं. ह्यांच्या गटात ह्यांना 'शेपूटराव' म्हणतात. पुढे वाट दाखवायला असते सिस्टर, म्हणजे निवृत्त झालेली एक नर्स, पायाने हरणासारखी. मधे बाकीची मंडळी. शेवटी हे. कोणी दमलं, घसरलं, रुसून दगडावर बसलं, तर मागून येऊन उचलणारा माणूस हवा ना. गटाचा चाकूही त्या शेवटच्याकडेच असतो, बाकी कोणी आणायचा नाही. कारण काहीही अडलं तरी ते शेवटी शेपटापाशीच येतं, असं हे म्हणतात. चाकू घडीचाच हवा, हाही ह्यांचाच नियम. एकदा एक जण उतारावर घसरला आणि कमरेच्या सरळ चाकूचं टोक म्यान फाडून त्याच्या मांडीत गेलं, तेव्हापासून. आणि तो एका हाताने उघडता आला पाहिजे, कारण दुसऱ्या हातात दोर असतो किंवा माणूस असतो.

आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस. अंधाऱ्या खोबणीत हात घालून नुसत्या बोटांनी बिघाड ओळखायचा. गटाची कड्यावरची मोहीम जवळ आली होती आणि त्याने स्वतःच स्वतःला अट घातली होती. "चाकू एका हाताने उघडला, तर जाईन. नाही उघडला, तर नाही जाणार. डॉक्टरने काय सांगायचं त्यात?"

म्हणून नवीन चाकू.

दुकान मोठं होतं. भिंतीवर पाठीवरच्या पिशव्या, छताला तंबू, आणि काचेच्या पेटीत चाकू असे मांडलेले की जणू दागिने. विकणारा चष्मेवाला मोठा हौशी. त्याने आधी एक जाडजूड काढला. त्यात करवत, कात्री, पेचकस, चिमटा, डबा फोडायचं हत्यार, आणखी काय काय.

"ह्यात चहाची गाळणी नाही का?" मी विचारलं.

चष्मेवाला हसला. हे हसले नाहीत. म्हणाले, "नाकापेक्षा मोती जड. मला पातं हवं, दुकान नको."

मग मात्र ह्यांनी त्या माणसाला चांगलंच कामाला लावलं. पातं तळहाताच्या रुंदीपेक्षा मोठं नको, मोठा चाकू फक्त फोटोत शोभतो. धार सरळ हवी, दातेरी नको, दातेरी धार डोंगरातल्या दगडावर लावता येत नाही. गंजणारं पोलाद नको. मूठ ओल्या हातातून निसटता कामा नये. रंग भडक हवा, गवतात पडला तर दिसायला. चष्मेवाला मान डोलवत होता आणि मलाही, खरं सांगते, अभिमान वाटत होता.

मग उघडून बघायची वेळ आली. पात्याच्या बुडाशी अंगठ्याने ढकलायला एक बोंड असतं. हे ढकलायचे, अंगठा बोंडावरून सरकायचा आणि पातं जागच्या जागी. दुसरा घेतला, तिसरा घेतला. एकाला बोंडाऐवजी भोक होतं, त्यात अंगठा अडकवायचा. तो अडकला, पण पुढे जाईना. ह्यांच्या कपाळावर घाम आला. मी शेजारच्या पाण्याच्या बाटल्यांकडे बघायला लागले. कोणी बघत नाही असं वाटलं तर एखादेवेळी जमेल, अशी वेडी आशा.

"डाव्या हाताने बघा की, काका," चष्मेवाला सहज म्हणाला.

ह्यांनी डावा हात खिशात घातला. "मी डावखुरा नाही."

मला वाटलं, मानी आहे माझा नवरा.

"नवीन चाकू घट्टच असतात," चष्मेवाला मग म्हणाला. "वापरून मोकळे होतात." बुडत्याला काडीचा आधार. त्या एका वाक्यावर आम्ही नारिंगी मुठीचा चाकू घेऊन घरी आलो.

त्यानंतर घरात दुसरा विषय नाही. सकाळी गोळी घेतली की हे जेवणाच्या टेबलाशी बसायचे आणि अंगठा बोंडावर ठेवायचे. मी बाहेरच्या खोलीत मशीनवर. कपडे सैल करणं, घट्ट करणं, चेन बदलणं, हा माझा धंदा. मशीनच्या खडखडाटातही माझा कान आतल्या खोलीकडे. पातं उघडल्याचा 'खट्' काही यायचा नाही. यायचा तो खुर्ची मागे सरकल्याचा, मग परत पुढे ओढल्याचा आवाज. मला विचारायचे, "कालच्यापेक्षा जास्त आलं ना बाहेर?" मी म्हणायचे, "हो, बरंच." कालच्याइतकंच आलेलं असायचं.

त्यांनी जाऊ नये, हे मला हवं होतं. स्पष्ट सांगते. पण ते टेबलाशी असे हरत बसलेले मला बघवत नव्हतं. दोन्ही एकाच वेळी वाटत होतं आणि कशाचंच काही करता येत नव्हतं. मुलीला फोन केला तर ती म्हणाली, "आई, बाबांना समजावून सांग ना." सांग ना! जशी काही मी आजवर गप्प बसले होते.

शेवटी शिवणकाम करणारी बाई करील तेच मी केलं. टाका घट्ट पडायला लागला की मशीनचा स्क्रू जरा सैल करायचा, एवढं मला येतं. हे आंघोळीला गेले होते. चाकू टेबलावर होता. पातं ज्या स्क्रूवर फिरतं, त्याला माझा मशीनचा बारका पेचकस बरोबर बसला. अर्धा पीळ सोडला. बघितलं, अजून जड होता. आणखी थोडा सोडला. मशीनच्या तेलाचा एक थेंब घातला, पदराने पुसला आणि होता तसा ठेवून दिला.

मी बाही उसवत बसले. जरा वेळाने आतून आलं, खट्.

मग पुन्हा खट्. मग "अगं ए!" अशी हाक, अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशी. मी धावत गेले. हे उभे, हातात उघडा चाकू, आणि चेहरा असा की मुलीचा पहिला नंबर आला होता तेव्हाही तो तसा नव्हता. "उघडला! मोकळा झाला बघ! चष्मेवाला बरोबर बोलला होता." मिटून पुन्हा उघडून दाखवला. मी टाळ्या वाजवल्या. काय करणार होते?

त्यांनी लगेच सिस्टरला फोन लावला. "मी येतोय. शेवटी मीच." पलीकडून मंडळींचा कल्ला ऐकू आला. दुसऱ्या दिवसापासून गोळीची पट्टी जिथल्या तिथे राहायला लागली. विचारलं तर म्हणाले, "झोप येते तिने. आणि आता हात सुधारतोय ना?"

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. खरं सांगावं, तर त्यांचा तो चेहरा मीच पुसून टाकायचा. न सांगावं, तर माझा माणूस मीच सैल केलेला चाकू घेऊन कड्यावर सगळ्यांच्या मागे चालणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. रोज सकाळी मी ठरवायचे, आज सांगते. आणि रोज ते खट् करून दाखवायचे.

निघायच्या आदल्या दिवशी ते बाहेरच्या खोलीत जमिनीवर बसून तंबूचे दोर कापत होते. मी समोरच मशीनवर. डाव्या हातात दोराची गुंडाळी, उजव्या हातात चाकू. तोंडाने शीळ चालू. एक दोर जाड होता, त्यांनी जोर लावला. पातं डुललं, दोरावरून घसरलं आणि मी मशीन थांबवलं. त्यांनी दोर पुन्हा धरला आणि कापायला लागले. शीळ चालूच.

दोर लाल होत चालला होता.

"अहो, रक्त येतंय!"

"कुठे?" त्यांनी उजवा हात वळवून पाहिला. "नाही गं."

"डाव्या हाताला."

त्यांनी खाली पाहिलं. तर्जनी चांगली चिरली होती. त्यांना कळलंच नव्हतं. डाव्या हाताला. ते त्या बोटाकडे बघत राहिले, जणू दुसऱ्या कुणाचं आहे. आणि मग माझ्याकडे बघायचं त्यांनी टाळलं, तेव्हा मला समजलं.

"हाही?" मी विचारलं. "कधीपासून?"

"दुकानात गेलो त्याच्या आधीपासून," ते म्हणाले. "तुला काय सांगायचं? एकाचंच तुला झेपत नव्हतं."

मी शिवणाच्या डब्यातली सुती चिंधी त्यांच्या बोटाला गुंडाळली. घट्ट बांधली, त्यांना दुखत नव्हतंच. बांधता बांधता मला रडू फुटलं आणि सगळं बोलून टाकलं. पेचकस, आंघोळ, तेलाचा थेंब, सगळं. "मी सैल केला तो. तुमचा हात सुधारला नाही. आणि त्यानेच तुम्हाला कापलं."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"अगं, आयुष्यभर मी स्क्रूच पिळले ना? पातं डुलतंय हे मला पहिल्याच दिवशी कळलं. मशीनच्या तेलाचा वासही येत होता."

मला राग आला. रडू तसंच आणि वरून राग. "मग घट्ट का नाही केला?"

"घट्ट केला असता तर उघडला नसता."

 मी चिंधीची गाठ आणखी आवळली. मग तेच म्हणाले, "मला वाटलं, तुला वाटतंय मी जावं. तू एवढा खटाटोप केलास."

"मला वाटलं, तुम्हाला जायचंय."

"जायचंच आहे गं," ते म्हणाले. "जायचंच आहे." आणि मग, "पण माझ्या पुढचा घसरला, तर मी त्याला कशाने धरू?"

न जायचं सिस्टरला कळवायला फोन मी लावला. त्यांच्या बोटाला चिंधी होती. लावण्याआधी माझं मनगट धरून म्हणाले, "हात गेले असं सांगू नकोस. बाकी काय वाटेल ते सांग." मनगट धरलं म्हणते, पण पकड नव्हती त्यात. हात नुसता ठेवला होता.

सिस्टरच्या घरी सगळे सामान भरायला जमलेले. तिने फोन मोठ्या आवाजावर टाकला. मी म्हणाले, "सिस्टर, हे येत नाहीत. मी नको म्हणतेय. मला एकटीला घरात करमत नाही, आणि या वयात कड्यावर नाचायची काही गरज नाही. काय बोलायचं ते मला बोला."

 मग मागून एक जण ओरडला, "वहिनींनी शेपूट पिरगाळलं वाटतं!" आणि सगळे हसले. सिस्टर नाही हसली. ती फक्त म्हणाली, "बरं, वहिनी." नर्स आहे ती. तिला किती समजलं, कोण जाणे.

तेवढ्यात हे फोनवर वाकले आणि मोठ्याने बोलायला लागले. "ऐकलंत ना? ही अशी आहे! बायकोपुढे कुणाचं चाललंय? मी तयार होतो, चाकूसुद्धा आणला होता, विचारा तिला!" नाटक बरं जमलं होतं. पलीकडे हशा चालूच. "पुढच्या वेळी वहिनींनाच घेऊन या," कोणीतरी म्हणालं. मी 'ठेवते' म्हटलं आणि फोन बंद केला.

हे थांबले नाहीत.

"तुला कधीच आवडलं नाही मी गेलेलं," ते माझ्याकडे बघून म्हणाले. आवाज चढलेलाच होता. "दर वेळी तोंड वाकडं. दर वेळी काहीतरी निमित्त. आता झालं ना मनासारखं? बसतो आता घरात. तुझ्या मशीनशेजारी बसतो. खूश?"

फोन बंद झालाय, असं मी सांगणार होते. पण ते त्यांना दिसत होतं. ऐकणारं दुसरं कोणी नाही, हेही त्यांना कळत होतं. डॉक्टरीणबाईंवर ओरडून उपयोग नव्हता, हातांवर ओरडून नव्हता. घरात मीच होते. जमिनीवरचे दोर गोळा करायला घेतले होते ते मी ठेवले, त्यांच्यासमोर उभी राहिले आणि त्यांचं होईपर्यंत ऐकून घेतलं.