‘हात लाव’ गाण्याचं काय झालं

१९८२च्या हिवाळ्यात मिनिआपोलिसच्या उत्तर भागात, एका बंद पडलेल्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत आम्ही ‘हात लाव’ रेकॉर्ड केलं. बास गिटार मी वाजवली, गायली व्हर्निस. आम्ही दोघं एकाच चर्चमध्ये लहानाचे मोठे झालो. तिची आई, ज्यांना सगळे आदरानं मिस आर्डेला म्हणत, तिथं तीस वर्षं ऑर्गन वाजवत होत्या.

गाणं नाचायचं होतं. त्यावर व्हर्निस म्हणायची, “गुडघे टेकलेत मी, प्रभू, आता हात लाव मला.” आणि शेवटी शब्द सोडून नुसती कण्हायची. ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझे कान तापले आणि बोटं थांबली.

“थांबलास का रे?”

“हे तू देवाला म्हणतेयस की कुठल्या बाप्याला?”

“ल्यूशस, तू गुमान बास वाजव.”

पण माझा प्रश्न तिच्या डोक्यात घुसला. त्या दिवशी ती अकरा वेळा गायली. दर वेळी मध्येच थांबायची, कोट चढवून बर्फात एक चक्कर मारून यायची, परत माइकसमोर उभी राहायची. हात सारखे गळ्याशी.

रेकॉर्ड गावातल्या रेडिओवर लागली आणि दोन माणसं व्हर्निसच्या मागे लागली. पहिला शिकागोच्या रेकॉर्ड कंपनीचा. त्याला आमची रेकॉर्ड देशभर विकायची होती. “‘प्रभू’ काढ, ‘राजा’ घाल,” तो म्हणाला, “लोक नाचायला येतात, प्रार्थनेला नाही.” दुसरे आमच्या चर्चचे धर्मगुरू, पाळक गेन्स. “येत्या रविवारी मंडळीपुढं माफी माग. नाहीतर गायकवृंदात उभी राहू नकोस.”

“एकाला देव नको, एकाला अंग नको,” व्हर्निस मला म्हणाली. “मी काय अर्धी अर्धी गाऊ?”

शनिवारपर्यंत तिनं माफी मागायचं तीनदा ठरवलं आणि तीनदा मोडलं. कंपनीच्या माणसाला मात्र नाही म्हणून टाकलं.

रविवारी ती वेदीपुढं उभी राहिली. “मी माफी मागायला आलेय,” ती म्हणाली. “पण मी खोटं बोलणार नाही. प्रार्थना करताना माझ्या अंगावर जो काटा येतो, तोच एका माणसाजवळही आला होता. मला दोन वेगळे काटे नाहीत.”

मागच्या बाकावरची एक म्हातारी सवयीनं “आमेन!” म्हणाली आणि मग तिनंच तोंडावर हात ठेवला. गेन्स उठायच्या आत ऑर्गन दणाणला. मिस आर्डेलांनी भजन सुरू केलं होतं, इतक्या मोठ्यानं की पुढचं काही ऐकूच आलं नाही. लेकीला वाचवायला की गप्प करायला, कोण जाणे. व्हर्निस मधल्या वाटेनं चालत बाहेर पडली.

दोन आठवडे माय-लेकी बोलल्या नाहीत. मग एका दुपारी मी व्हर्निसला न्यायला गेलो, तर मिस आर्डेला ओट्याशी भेंडी चिरत होत्या.

“ते कण्हणं कुठून आणलंस?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

“तुझ्याकडून, ममा. पप्पा गेले त्या वर्षी तू रिकाम्या चर्चमध्ये वाजवायचीस. मी बाकाखाली झोपलेली असायचे. तू तशीच कण्हायचीस.”

सुरी थांबली. “तू जागी होतीस?”

“हो.”

मिस आर्डेला खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, “मी देवाशी भांडत होते, पोरी. आणि तुझ्या पप्पांचे हात आठवत होते.” मग माझ्याकडं वळून खेकसल्या, “तू काय बघतोस? तुझा बास फार मोठा वाजतो.”

‘हात लाव’ एक शब्दही न बदलता आमच्या गावात आणि डेट्रॉइटमध्ये वाजलं, पुढं गेलं नाही. गायकवृंदात व्हर्निसला परत घेतलं नाही. ती क्लबांत गाते. अजूनही त्या शेवटाशी आली की तिचे पाय एका जागी ठरत नाहीत, आणि मला ताल सांभाळत तिच्या मागं धावावं लागतं.