मोतीरामला बसवायचं कसं

डेन्मार्कमध्ये हिवाळ्यात दुपारी चारलाच अंधार पडायला लागतो.

पिठलं उतरवून ठेवलं की त्याच्यावर पातळ साय धरते.

अकोल्याहून निघालेली गाडी मूर्तिजापूरला थांबते. ड्रायव्हर उतरतो, कंडक्टरही उतरतो.

अकरा मेणबत्त्या. त्यातली एक वाकडी.

"बसा ना जराशीक."

हे शेवटचं वाक्य भागीरथाचं. गेली चार वर्षं ती ते रोज नवऱ्याला म्हणत होती. मोतीराम एसटीत कंडक्टर होता, बत्तीस वर्षं. उभ्यानं तिकीट, उभ्यानं चहा, भाकरही उभ्यानंच. निवृत्त झाला तरी दिवे लागले की पिशवी खांद्याला अडकवून अमरावतीच्या स्टँडवर निघायचा, कोणती गाडी लेट आहे ते पाहायला. भागीरथाला त्याच्याकडून ना साडी हवी होती ना सहल. एक संध्याकाळ हवी होती. शेजारी बसून.

लेक नीलम डेन्मार्कमध्ये नोकरीला. महिनाभराच्या सुट्टीवर आली आणि तिथली एक रीत घेऊन आली. नाव ह्युगं. ट्यूबलाइट बंद करायची, मेणबत्त्या लावायच्या, जवळ जवळ बसायचं.

"अन् मंग?" भागीरथानं विचारलं.

"मंग काही नाही. गरम काही खायचं, बोलायचं. तिकडचे लोक म्हनतात, सुख यातच हाये."

"काहीच करायचं नाही? तुया बाबाले नाही जमनार बाई."

"आज करून तर पाहू."

संध्याकाळी नीलमनं समोरच्या खोलीत सतरंजी टाकली, मेणबत्त्या लावल्या. मोतीराम दारात, एक पाय चपलेत.

"आलोच पाच मिन्टात."

तेवढ्यात गल्लीतून जाणारा देवराव थबकला. आत डोकावला. "काहून हो मोतीरामभाऊ? पोरगी आली म्हनून बुद्धवंदना ठेवली, अन् आमाले निरोप नाही?" उत्तर यायच्या आत तो पुढे गेला, घरोघर सांगत.

त्याचं तरी काय चुकलं? त्या गल्लीत अंधाऱ्या खोलीत मेणबत्त्या तेवताना दिसल्या की माणसं चपला काढतात आणि हात जोडतात.

दहा मिनिटांत पार्बताबाई पांढरं लुगडं नेसून आली, आशाबाई अगरबत्तीचा पुडा घेऊन. मागून आणखी दहा-बारा जण. नीलमनं आईकडे पाहिलं.

"आता नाही म्हनू नोको," भागीरथा पुटपुटली.

वंदना झाली. झाल्यावर नीलम बटणाकडे गेली.

"लाइट लावू नोको वं," पार्बताबाई म्हणाली. "असंच बरं वाटून राह्यलं."

कोणी उठलं नाही. उलट उशिरा आलेले आत शिरत होते, आणि मोतीरामला काम सापडलं. "देवराव, मधात सरका. आशाबाई, तुमी भिंतीकडे. अजून दोघं बसतात अथी." त्यानं एकेकाला बसवलं. बसवता बसवता खोली भरली आणि उभा राहिला तो एकटाच.

भागीरथानं पिठल्याची कढई मधोमध आणून ठेवली आणि भिंतीला टेकून बसली. गुडघे आखडून घेतले. शेजारी वीतभर जागा झाली.

"आता कोनाले बसवता?" ती म्हणाली. "तुमीच राह्यले."

"बसा ना भाऊ, लाजता काय? घरचीच बायको हाये!" पार्बताबाईनं टोला हाणला. खोली हसली.

मोतीरामनं खांद्यावरची पिशवी काढली. आधी एक गुडघा टेकवला, मग दुसरा. मग मांडी घातली. भागीरथाच्या बांगड्या त्याच्या कोपराला लागल्या. तिनं हात मागे घेतला नाही.

देवराव चांदूर बाजारातल्या एका म्हशीची गोष्ट सांगत होता. म्हैस काही विकली जात नव्हती आणि गोष्ट काही संपत नव्हती. भाकरी फिरत होत्या.

"बाबा, कंटाळले काय?" नीलमनं हळूच विचारलं.

"थांब वं," मोतीराम म्हणाला. "म्हशीचं काय झालं ते तर आयकू दे."

भागीरथानं त्याच्या ताटात आणखी पिठलं वाढलं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, एकोणीसशे एक्क्याण्णव साली, मोतीराम सकाळी साडेपाचच्या गाडीवर ड्युटीला गेला होता. शेजारी बसायचं तेव्हापासून राहूनच गेलं होतं.