शिडीवरून पडलेला माणूस

विनोदाबद्दल माझी मतं ठाम आहेत. शब्दांचा विनोद चहासारखा, गार झाला की ओतून टाकावा. पडण्याचा विनोद मात्र चाळीस वर्षांनीही कढत असतो. फिजिओथेरपीच्या खोलीत गुडघ्याला शेक घेत मी हे सगळ्यांना ऐकवतो. भिंतीवरच्या टीव्हीवर जुन्या मालिका चालू असतात. त्यातल्या एकीत नोकर शिडीच्या सातव्या पायरीवरून सोफ्यामागे कोसळतो आणि अख्खी खोली खिदळते.

तो पडणारा मीच, असं मी एकदा बोलून गेलो. नोकराच्या जागी पडणारा वेगळा असे आणि त्याचं नाव कधी मालिकेच्या श्रेयनामावलीत येत नसे. मग विचारणार कोण? पुढे माझ्या शिडीला अकरा पायऱ्या झाल्या. वरच्या चार कॅमेऱ्यात मावल्या नाहीत, असं मी सांगे.

खरं म्हणजे मी तिथे होतो तो गादीवाला म्हणून. सोफ्यामागे खडूच्या खुणेवर गादी टाकायची, एवढंच माझं काम. त्या दिवशी फरशी पुसताना खूण गेली. मी मेकअपवाल्याला अशीच एक थाप ऐकवण्यात दंग होतो, म्हणून अंदाजानेच टाकली. अंदाज हातभर चुकला. लोक ज्या किंकाळीला हसतात ती खरी आहे.

परवा नात फोनवर माझं बोलणं टिपून घ्यायला आली. तिच्या कॉलेजच्या अंकात आजोबांची शिडी छापून येणार होती. मी नवव्या पायरीवर रंगात आलो होतो. शेजारच्या खाटेवर कंबर शेकत पडलेले एक नवे गृहस्थ शांतपणे ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी मला विचारलं, "तुम्ही कुठल्या अंगावर पडला होतात?"

उजव्या, असं मी ठोकून दिलं.

"हवेत वळून डाव्यावर यायचं होतं," ते म्हणाले. नात माझ्याकडे बघायला लागली, तसे तेच मला सावरायला धावले. "राहू दे, बाळ. इतक्या वर्षांनी डावं-उजवं कुणाच्या लक्षात राहतं? पण आजोबा तिथे होते, तर एक विचारतो. गादी चुकली होती का हो? की मीच चुकीचा वळलो? मालिकावाले म्हणाले, तूच वळायला चुकलास. पुन्हा कुणी बोलावलं नाही. बायकोलाही मी तेच सांगत आलो."

माझ्याकडे चार उत्तरं तयार होती, एकापेक्षा एक झकास.

"गादी मी टाकली होती," मी म्हणालो. "हातभर अलीकडे."

नातीने फोन बंद केला नाही. त्यांनी खाटेच्या कडेपासून हात लांब केला, कोपरापासून बोटांपर्यंत.

"एवढं?"

"एवढंच."

हात तसाच ठेवून ते बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मी माझ्या गुडघ्यावरच्या शेकाच्या पिशवीकडे.